सणासुदीच्या सुटीत वाचायचे पुस्तक कसे निवडावे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चवथ आटोपून पाऊस ओसरू लागला आणि दसरा जवळ आला की आमच्या म्हापशातील दुकानात एक मागणी रोज होते : ‘सुटीत वाचायला काहीतरी चांगले द्या.’ शुक्रवारच्या बाजाराला आलेले ग्राहक तर पिशवी खांद्यावर आणि वेळ हाताशी थोडा, अशा घाईत हे विचारतात. अशा वेळी नावाजलेले पुस्तक हाती देणे दुकानदाराला सोपे असते. परंतु ते पुस्तक पुढे खरोखर वाचले जाईल की नाही, हे त्याच्या नावलौकिकावर फारसे अवलंबून नसते. सुटीसाठी नेलेली जी पुस्तके अर्धवट राहतात, त्यांतील बहुतेक चांगलीच असतात. ती ज्या दिवसांत वाचायला घेतली त्या दिवसांना ती जुळत नाहीत, एवढेच. म्हणून आमचा आग्रह आहे की पुस्तक पाहण्याआधी वाचणाऱ्याचा वेळ, वय आणि घर पाहावे.

आपल्याकडची सुटी तुकड्यातुकड्यांची असते

दसऱ्यापासून नवीन वर्षापर्यंतचा काळ दिनदर्शिकेवर सलग दिसत असला, तरी गोव्यातील घरात तो सलग मिळत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या प्रतिमा पाहण्यात जागरण होते आणि पहाटे अभ्यंगस्नानानंतर फोवांची ताटे मांडायची असतात. पुढे पाडवा, भाऊबीज, तुळशीचे लग्न, गावोगावच्या जत्रा, ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि मग नाताळ असा क्रम चालू राहतो. या दिवसांत कोणाला सलग अर्धा तास मिळाला, तरी तो पुष्कळ झाला. अशा वेळी पाचशे पानांची कादंबरी सुरू केली, तर दर खेपेला मागची दहा पाने पुन्हा चाळावी लागतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती बाजूला पडते.

म्हणून दिवाळीच्या आसपास कथासंग्रह, ललित लेख, पत्रसंग्रह, प्रवासवर्णनाची सुटी प्रकरणे असे साहित्य घ्यावे, ज्याचा एक भाग एका बैठकीत पुरा होतो. मोठी कादंबरी किंवा विस्तृत चरित्र नाताळच्या आठवड्यासाठी, अथवा मडगाव ते मुंबईसारख्या लांबच्या रेल्वेप्रवासासाठी राखून ठेवावे. हिशेब करणे अवघड नाही. दुकानातच उभ्याउभ्या दोन पाने वाचून आपला वेग पाहावा. तासाला पंचवीस पाने होत असतील, तर तीनशे पानांच्या पुस्तकाला बारा तास लागतील. आणि रोज पाऊण तास मिळणार असेल, तर ते सोळा दिवसांचे काम आहे. सुटी आठ दिवसांची असेल, तर निम्म्या आकाराचे पुस्तक घेण्यात काहीच कमीपणा नाही.

दिवाळी अंक

मराठी वाचकाच्या या ऋतूतील पहिली खरेदी दिवाळी अंकाची असते, आणि ती तशीच असावी असे आम्हांला मनापासून वाटते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. तुकड्यातुकड्यांच्या सुटीला दिवाळी अंकाइतके सोयीचे दुसरे काही नाही, कारण एकाच अंकात कथा, कविता, लेख, मुलाखत आणि व्यंगचित्रे सापडतात आणि घरातील चौघांना त्यात आपापले काहीतरी मिळते.

तरीही अंक निवडताना मुखपृष्ठावर विसंबू नये. प्रथम अनुक्रमणिका उघडावी. एखाद्या विषयावर विशेष विभाग केला असेल, तर त्यातील लेखकांचा त्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे का, हे त्यांच्या परिचयाच्या ओळींवरून कळते. नंतर अंक मधूनच उघडून जाहिराती आणि मजकूर यांचे प्रमाण पाहावे. जाहिरातींवरच अंकांचा खर्च भागतो हे खरे असले, तरी काही अंकांत कथेचे पान शोधावे लागते. विनोदी, ज्योतिषविषयक, पाककृतींचे, आरोग्याचे आणि शुद्ध साहित्यिक असे अंकांचे प्रकार वेगवेगळे आहेत. एकाच प्रकारचे तीन अंक घेण्यापेक्षा एक साहित्यिक, एक मुलांचा आणि एक घरातील ज्येष्ठांच्या आवडीचा अशी निवड केल्यास पैशाचे चीज होते. गोव्यातील मराठी वृत्तपत्रे व संस्था यांचे अंकही जरूर पाहावेत. येथील लेखकांच्या नव्या कथा-कविता पुस्तकरूपाने यायला बराच काळ जातो, अंकात त्या लगेच वाचायला मिळतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी : दिवाळी अंक सहसा पुन्हा छापले जात नाहीत. संपलेला अंक डिसेंबरात मागितल्यास आम्हांला बहुधा नकारच द्यावा लागतो.

मुलांसाठी निवड करताना

याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. आपल्याकडील पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाची समज आणि त्याचा मराठी वाचनाचा सराव यांत अंतर पडते. त्याला वयाप्रमाणे रहस्यकथा, विज्ञान, साहस हवे असते, पण जोडाक्षरांनी भरलेली लांब वाक्ये त्याला अडवतात. अशा मुलाला ‘तुझ्या वयाचे’ म्हणून जाड पुस्तक दिल्यास ते मिटून ठेवले जाते, आणि सोपे म्हणून शिशुवर्गाचे चित्रपुस्तक दिल्यास त्याचा अपमान होतो. यावर उपाय म्हणजे विषय मोठ्यांचा आणि मांडणी सुटसुटीत असलेली पुस्तके : छोटी प्रकरणे, ठसठशीत अक्षर, पानोपानी चित्रे, संवाद भरपूर. प्राणी-पक्षी, किल्ले, शास्त्रज्ञांची छोटी चरित्रे आणि कोडी या विषयांत अशी पुस्तके मराठीत चांगल्या संख्येने आहेत.

लहान मुलांसाठी ‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांवर एक ते चार अशी वाचनपातळी छापलेली असते, इयत्तेपेक्षा त्या आकड्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिकेतील पुस्तके माफक किमतीची असतात आणि चित्रेही जाणत्या चित्रकारांची असतात. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचा दिवाळी अंक आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना आम्ही निःशंकपणे सुचवतो.

मुलाला दुकानात सोबत आणावे, ही आमची पालकांना विनंती आहे. त्याला एक पान मोठ्याने वाचू द्यावे. एका पानात चार-पाच शब्दांवर तो अडखळत असेल, तर ते पुस्तक आई-वडिलांनी किंवा आजीने वाचून दाखवण्यासाठी ठेवावे आणि त्याने स्वतः वाचण्यासाठी दुसरे घ्यावे. पुरस्कार मिळाला आहे, एवढ्या कारणासाठी मुलाच्या हाती पुस्तक देऊ नये. पुरस्कार देणारे मोठे असतात. आणि पुस्तकावर निबंध लिहून घेण्याची अट सुटीत तरी घालू नये.

ज्येष्ठांसाठी

येथे विषयापेक्षा अक्षराचा आकार आणि पुस्तकाचे वजन आधी पाहावे. वेलांट्या, उकार आणि मात्रा यांमुळे देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा बारीक वाटते. बारा पॉइंटातील मजकूर साठीच्या पुढे थकवा आणतो. सोळा पॉइंटातील पोथ्या, अभंगांच्या गाथा आणि काही निवडक गद्य पुस्तके आमच्याकडे वेगळ्या फळीवर ठेवलेली असतात. पडून वाचण्याची सवय असणाऱ्यांसाठी एका जाड ग्रंथापेक्षा दोन भागांत बांधलेली प्रत घ्यावी.

जत्रेच्या नाटकांची पुस्तके

नाटकाचे पुस्तक घ्यायला येणारा ग्राहक आमच्याकडे प्रामुख्याने याच ऋतूत येतो, कारण उत्सवात आणि जत्रेत गावच्या मंडळींनी नाटक बसवण्याची गोव्याची रीत आजही टिकून आहे. पौषात बोडगेश्वराची जत्रा भरेपर्यंत ही विचारणा थांबत नाही. नाटक वाचण्यासाठी घ्यायचे असेल, तर कोणतेही आवडीचे घ्यावे. परंतु बसवण्यासाठी घेताना पात्रयोजनेचे पान आधी वाचावे. स्त्री-पात्रे किती, एकच नट दोन भूमिका करू शकतो का, देखावे किती वेळा बदलतात आणि देवळाच्या मांडवात ते शक्य आहे का, संगीत नाटक असल्यास पदे म्हणणारा नट आणि साथ करणारा पेटीवादक गावात आहे का, या गोष्टी ठरल्याशिवाय प्रती घेऊ नयेत. प्रयोगाच्या परवानगीविषयीची सूचना पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते. ती तालमी सुरू करण्यापूर्वी वाचावी आणि विशेषतः तिकीट लावायचे असेल, तर हक्कधारकांशी पत्रव्यवहार वेळेत करावा. प्रत्येक नटासाठी वेगळी प्रत लागते, तेव्हा मागणी निदान महिनाभर आधी नोंदवावी.

जुनी पुस्तके आणि अनुवाद

आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे ‘श्यामची आई’ आज अनेक प्रकाशकांच्या प्रतींत मिळते आणि किमतींत मोठा फरक दिसतो. स्वस्त प्रत वाईटच असते असे नाही. तथापि काही प्रती संक्षिप्त असतात आणि ते मुखपृष्ठावर ठळक लिहिलेले नसते, म्हणून दोन प्रतींतील प्रकरणे मोजून पाहावीत आणि कोणत्याही एका पानावरील मुद्रणदोषांकडे लक्ष द्यावे. एका पानात तीन चुका दिसल्या, तर पुढेही तसेच चालणार हे गृहीत धरावे.

अनुवाद घेताना अनुवादकाचे नाव लेखकाच्या नावाइतक्याच काळजीने पाहावे. मूळ पुस्तक बंगाली किंवा कन्नड असेल, तर अनुवाद थेट त्या भाषेतून केला आहे की मधल्या हिंदी-इंग्रजी अनुवादावरून, हे श्रेयनामावलीच्या पानावर बहुतेक वेळा नमूद असते. साहित्य अकादमीने भारतीय भाषांतील पुष्कळ कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत आणि सुटीत दुसऱ्या प्रांतातील घर, शेत, सण जवळून पाहायचे असतील, तर त्या फळीकडे अवश्य वळावे. संवाद असलेले एखादे पान वाचावे; माणसे मराठीत बोलत आहेत असे वाटले, तर अनुवाद घ्यावा.

भेट म्हणून पुस्तक देताना

भाऊबीज आणि नाताळ या दोन्ही निमित्तांनी पुस्तके भेट दिली जातात, याचा आम्हांला आनंद आहे. कोंकणी पुस्तक देणार असाल, तर त्या घरात देवनागरी वाचतात की रोमी, हे आधी विचारून घ्यावे. दोन्ही लिप्यांत पुस्तके निघतात, आणि चुकीच्या लिपीतील पुस्तक कपाटातच राहते. जुन्या मराठीची गोडी असणाऱ्या स्नेह्याला नाताळसाठी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत द्यावी, असे आम्ही सुचवतो. येशूचे चरित्र सांगणारा सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये आपल्याच सासष्टीत, रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. तो सलग वाचण्याचा ग्रंथ नव्हे. जन्मकथेचा भाग आणि मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्या यांपासून सुरुवात करावी.

कोणाची आवड निश्चित ठाऊक नसेल, तेव्हा महागडा ग्रंथ टाळून दोन लहान पुस्तके द्यावीत. छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्याने पुस्तकावर छापलेल्या किमतीवर आम्ही काहीही अधिक घेत नाही.

बांधणी आणि दमट हवा

आपल्या हवेत पुस्तकाची बांधणी हा शोभेचा विषय नाही. केवळ डिंकाने चिकटवलेली जाड पुस्तके दोन-तीन पावसाळ्यांनंतर सुटी होऊ लागतात. शिवलेल्या बांधणीची टिकतात. पुस्तक मधोमध उघडून कण्याच्या आत दोरा दिसतो का ते पाहावे. घरातील जुन्या पुस्तकांवर पावसाळ्यात बुरशी आली असल्यास दसऱ्याच्या सुमारास ती काढावीत, अंगणात कोरड्या ब्रशने झाडावीत आणि पाने पसरून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात ठेवल्यास कागद पिवळा पडतो व पुठ्ठा वाकतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे आणि पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही.

मागणी, बदल आणि ग्रंथालय

पुणे-मुंबईहून येणारी पार्सले दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत रेंगाळतात, म्हणून दुकानात नसलेले पुस्तक हवे असल्यास दसऱ्यापूर्वी मागणी नोंदवावी. नेलेले पुस्तक रुचले नाही आणि ते कोरे असेल, तर पंधरा दिवसांत पावतीसह बदलून देऊ. दिवाळी अंक आणि नाटकांच्या एकगठ्ठा प्रती मात्र बदलता येत नाहीत. मोठा बहुखंडी ग्रंथ विकत घेण्याविषयी मन साशंक असेल, तर पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात तो आधी चाळून पाहावा, असे आम्ही स्वतःहून सांगतो. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये गोव्यात मराठी ओवीबद्ध कृष्णचरित्र रचले होते. तेथे काही पाने वाचल्यावर पुस्तक घरी असावेसे वाटले, तर नाव, लेखक आणि प्रकाशक एका चिठ्ठीवर लिहून आणावे. आवृत्ती उपलब्ध आहे की नाही, हे आम्ही प्रकाशकांकडे विचारून कळवू.