काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

जुनी डिझेल पिकअप घाटात धापा टाकू लागली की गॅरेजवर ठरलेला सल्ला मिळतो: इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवा, काळा धूर निघाला की समजा गाडी ताकदीवर आली. या समजुतीनं कित्येक चांगली इंजिनं खाल्ली आहेत.

1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला त्याहून जास्तच हवी. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं, तर सुरुवातीला ओढ थोडी वाढते हे खरं. पण धूर काळा झाला, म्हणजे हवा पुरेनाशी झाली. सायलेन्सरमधून उडते ती काजळी, तुम्ही पैसे मोजलेल्या डिझेलची. शिवाय एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि भरल्या गाडीनं लांब चढ घेताना पिस्टन, व्हॉल्व्ह आणि इंजिनात दाबानं हवा भरणारा टर्बो भाजून निघतात. पीयूसीला गाडी अडकते ते वेगळंच.

कमी खर्चात ताकद हवी, तर आधी हरवलेली शोधा. टर्बोची गाडी असेल तर इंजिन थंड असताना टर्बोकडून निघणारा रबरी पाइप क्लिपपाशी बोटांनी चाचपा. तिथे तेलकट ओल आणि बारीक चीर सापडली, तर दाबाची हवा तिथूनच निसटत असणार. पाइप बदलणं पंप उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे घाला, डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. फारसा ब्रेक न लावता चालवूनही एखाद्याच चाकाचा ड्रम चटका देत असेल, तर तिथला ब्रेक धरतोय. इंजिन बिचारं त्याच्याशीच झगडतंय.