आहारविकारांवरील बाह्यरुग्ण उपचार (गोवा)

आहारविकार जडलेल्या व्यक्तीने घरी राहून, शाळा-कॉलेज किंवा नोकरी झेपेल तेवढी चालू ठेवून, ठरल्या दिवशी ओपीडीत येऊन घ्यायचे उपचार. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन घटत असतानाही खाणे तोडत जाणे), बुलिमिया नर्व्होसा (अनावर खाऊन मग उलटी, जुलाब किंवा उपाशी राहून ते ‘फेडणे’) आणि बिंज इटिंग, म्हणजे अनावर खाण्याचा विकार, हे यातले प्रमुख आजार. किशोरवयीन मुली त्यात जास्त दिसतात. पण मुलगे, पुरुष आणि चाळिशी उलटलेल्या बायकाही असतात, आणि त्यांचे निदान हमखास उशिरा होते.

अ‍ॅनोरेक्सियासाठी मराठीत ‘क्षुधानाश’ हा प्रतिशब्द वापरतात. तो दिशाभूल करणारा आहे. भूक नाहीशी होत नाही, ती दाबून ठेवलेली असते. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 साली 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नच घोळू लागले. ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. आधी धडधाकट असलेल्या माणसांची ही गत झाली. म्हणून आजारी मुलीच्या हट्टीपणाचा बराचसा भाग उपासमारीतूनच आलेला असतो, आणि पोटात अन्न गेल्याशिवाय नुसत्या समुपदेशनाने फारसे काही हाती लागत नाही.

या आजाराचे आधुनिक वर्णन 1873 साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी केले. अशा रुग्णाची देखभाल नातेवाईकांच्या हाती देऊ नये, असे गल यांचे मत होते. पुढची शंभर वर्षे आईवडिलांकडे संशयाने पाहिले गेले. 1980 च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील अभ्यासांनी ही दृष्टी उलटी केली. तिथून आलेल्या कुटुंबाधारित उपचारात आईवडिलांना दोष दिला जात नाही. उलट मुलीला जेवू घालण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले जाते. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचे ते पालक ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात. वजन सावरले की हा ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो. वयाला साजेसे इतर प्रश्न, मैत्री, अभ्यास, स्वातंत्र्य, शेवटी हाताळले जातात. हे सारे सहसा सहा महिने ते वर्षभर चालते.

गोव्यातल्या घरात हा उपचार राबवताना पहिला प्रश्न येतो तो ताटाशी बसणार कोण, हा. वडील बोटीवर, आई नोकरीला, स्वयंपाक आजीच्या हातात, हे चित्र नेहमीचे. अशा घरात आजीला ओपीडीत बोलावलेच पाहिजे; तिला वगळून आखलेला आहार पहिल्याच दुपारी कोलमडतो. जमेची बाजू अशी, की तीन जेवणे आणि मधली दोन खाणी हा उपचाराचा आराखडा इथल्या जुन्या दिनक्रमाला परका नाही: सकाळी उंडो (गोव्याचा पाव) आणि भाजी, अकराच्या सुमाराला पेज, दुपारी शीत (भात) आणि हुमण (माशांची आमटी), संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी, रात्री पुन्हा जेवण. नुसती पेज मात्र पातळ पडते; तिच्याबरोबर खोबरे, तूप, सुके मासे किंवा उसळ लागते. फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाचे खाणे वाढवताना रक्तातले फॉस्फेट (शरीराला लागणारा एक क्षार) एकदम घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली आणि रक्ततपासणीसह गेले पाहिजेत.

उपवासांचा विषय नाजूक आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावणातले शिवराक (मांस-मासे वर्ज्य जेवण) हे सगळे श्रद्धेने पाळणारी माणसे निरोगीच असतात. पण आजार याच व्रतांच्या आडून वाढतो आणि घर कौतुक करत राहते. विचारायचे ते इतकेच: उपवास आधी किती होते, आता किती झाले, आणि उपवास वेळेवर सुटतो का? उपचार चालू असेपर्यंत व्रत थांबवावे; आजाऱ्याला उपवासातून मोकळीक परंपरेनेही दिलेली आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ताटापेक्षा नातेवाइकांच्या ‘बारीक झालीस गो!’ची धास्ती मोठी असते. त्या दिवसांची तयारी आधीच्या भेटीत करून ठेवावी.

प्रौढांसाठी आहारविकारांकरिता बेतलेली संज्ञानात्मक वर्तनचिकित्सा (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा संवादोपचार, सीबीटी) वापरतात: साधारण 20 आठवड्यांत 20 भेटी, वजन फार कमी असल्यास सुमारे 40 आठवडे. रुग्ण खाण्याची नोंदवही ठेवतो, तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहत नाही, आणि आठवड्यातून एकदाच, दवाखान्यात, वजन करतो. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध रोज 60 मिलिग्रॅम या मात्रेत उपयोगी पडते, नैराश्यातल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरेच जास्त. कमी वजनाच्या अ‍ॅनोरेक्सियात मात्र त्याचा भरवसा नाही. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचे दुसरे औषध टाळतात, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, नुसती चूळ भरावी. आम्लाने मऊ पडलेले दातांचे आवरण ब्रशने झिजते.

गोव्यात रुग्ण बहुधा आधी दुसऱ्याच दारी जातो: पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे, पोट दुखते म्हणून फिजिशियनकडे. त्या खोल्यांत ‘दिवसभरात काय खाल्लेस?’ हे कुणी शांतपणे विचारले, तर कित्येक महिने वाचतील. सरकारी मानसोपचाराचे मुख्य केंद्र म्हणजे पणजीजवळच्या बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था. 1842 च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही बांबोळीलाच असल्याने ईसीजी, रक्ततपासणी आणि मानसोपचार एकाच फेरीत होऊ शकतात. 1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावर सहा ते आठ भेटींचे उपचार करून दाखवले. त्याचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आहारविकार लवकर ओळखण्यासाठी असे कार्यकर्ते मोलाचे ठरतील, मात्र शरीराची जोखीम डॉक्टरनेच तोलली पाहिजे.

दिवसा नाडी मिनिटाला 50 च्या खाली जाणे, उभे राहताच भोवळ, बेशुद्धी, रक्तातले पोटॅशियम घटणे, पाणीही नाकारणे किंवा आत्महत्येचे विचार, यांपैकी काहीही दिसल्यास ओपीडी पुरत नाही. त्याच दिवशी दाखल करावे लागते.

काणकोण किंवा वाळपईहून दर आठवड्याला बांबोळी गाठणे म्हणजे मुलीची शाळा आणि आईची मजुरी दोन्ही बुडणे. अशा वेळी वजन, नाडी आणि रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्रात नोंदवून बांबोळीच्या भेटी पंधरवड्यावर नेता येतात, प्रकृती स्थिर असेल तरच. अधल्यामधल्या दिवसांत बोलण्यासाठी 2022 साली सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21(4) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण देणे बंधनकारक आहे. पण पुष्कळशा पॉलिसी दाखल झाल्याशिवाय खर्च देत नाहीत, त्यामुळे ओपीडीचा भार घरावरच पडतो.