पहिल्या वर्षातील शरीररचनाशास्त्र : अध्यापन आणि परीक्षेची पार्श्वभूमी

मराठवाड्यात एमबीबीएसचे शिक्षण 1956 मध्ये औरंगाबादेत सुरू झाले. त्याआधी इथल्या मुलांना हैदराबाद गाठावे लागे आणि निजामाच्या राजवटीत तिथे वैद्यकही उर्दूतून शिकवले जात असे. वैद्यकीय शिक्षणासाठी बेवारस मृतदेह मिळावेत अशी तरतूद मुंबई प्रांताने 1949 मध्ये कायद्याने केली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे ती इथे लागू नव्हती. पुढे अंबाजोगाई (1974), नांदेड (1988) आणि लातूर (2002) येथे शासकीय महाविद्यालये झाली.

शरीररचनाशास्त्र शिकवायला वेळ पुरत नाही, असे जे वाद आज ऐकू येतात, त्यांचे मूळ मात्र 1997 मध्ये आहे. तोपर्यंत साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात दीड-दीड वर्षाचे तीन टप्पे होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या त्या वर्षीच्या नव्या नियमांनी पहिला टप्पा एका वर्षावर आणला आणि वाचलेले सहा महिने शेवटच्या टप्प्याला दिले. विद्यार्थ्याने लवकर वॉर्डात जावे, रुग्ण पाहावा, सर्वसाधारण डॉक्टरला कधीच उपयोगी न पडणारे तपशील पाठ करण्यात उमेदीचा काळ घालवू नये, ही त्यामागची भूमिका होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. चूक झाली ती वेगळ्या ठिकाणी. शरीररचनाशास्त्राच्या वाट्याला 650 तास आले, पण हात, पाय, छाती, पोट, डोके-मान, मेंदू, शिवाय हिस्टॉलॉजी (ऊतींचा अभ्यास) आणि एम्ब्रियॉलॉजी (गर्भाच्या वाढीचा अभ्यास) हा सगळा पसारा जवळपास होता तसाच राहिला.

कात्री लागली ती डिसेक्शनला, म्हणजे मृतदेहाच्या विच्छेदनाला. काखेतील चरबी चिमट्याने हळूहळू बाजूला करत, नसांच्या फांद्या तुटू न देता ब्रॅकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, तिन्ही कॉर्ड (जाड दोर) मोकळ्या करणे हे एका दुपारचे काम नव्हे. ते करताना धमनीभोवतीची त्यांची मांडणी विद्यार्थ्याच्या बोटांना कळते आणि एखाद्या देहात ती पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असते, हेही तिथेच समजते. वेळ आटला तशी आधीच विच्छेदन करून ठेवलेला भाग दाखवून पुढे जाण्याची पद्धत रूढ होत गेली. टेबलाभोवतीची गर्दी वाढली की मागच्या रांगेतल्याला तोही धड दिसत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींना हा बदल अधिक जड गेला, कारण त्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकाची भाषा आणि शरीराची रचना या दोन्ही गोष्टी त्याच बारा महिन्यांत आत्मसात करायच्या असतात. ही अडचण नियम करणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

परीक्षेची घडीही याच सुमारास बदलली. 1997 च्या नियमांत विषयाला 200 गुण होते : प्रत्येकी 50 गुणांच्या दोन लेखी पत्रिका, प्रात्यक्षिकाचे 40, तोंडी परीक्षेचे 20 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 40. पुढच्याच वर्षी राज्यासाठी नाशिकला स्वतंत्र आरोग्य विद्यापीठ स्थापन झाले आणि स्थानिक विद्यापीठांच्या वेगवेगळ्या पत्रिकांच्या जागी हळूहळू राज्यभर एकच प्रश्नपत्रिका आली. समान न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण जुन्या पत्रिकांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न तेवढे करण्याची सवय त्यामुळे अधिक बळावली. स्पॉटिंगमध्ये टाचणी लावलेली रचना ओळखायची, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचे. इथे नाव सांगणाऱ्याला गुण मिळतात, मग त्या नसेला इजा झाल्यास हाताची कोणती हालचाल जाईल हे त्याला सांगता येवो वा न येवो.

या उणिवेवर उपाय म्हणून 2019 मध्ये क्षमताधारित, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे ते ठरवून देणारा, अभ्यासक्रम आला. त्यात शरीररचनाशास्त्राच्या 82 घटकांत 409 क्षमता नोंदवल्या गेल्या, तास 675 झाले आणि लेखीला 200 व प्रात्यक्षिक-तोंडीला 100 गुण ठरले. बहुपर्यायी प्रश्नांना लेखी गुणांच्या 20 टक्क्यांची मर्यादा घातली गेली. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अंतिम बेरजेतून वगळले, तरी त्यात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट राहिली. पहिल्या वर्षापासून रुग्णदर्शन आणि मृतदेहाविषयी आदराची शिकवण या त्यातील स्वागतार्ह गोष्टी होत. परंतु पहिल्या वर्षाला मिळालेल्या वाढीव वेळातला एक महिना फाउंडेशन कोर्समध्ये (नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखवर्गात) गेला आणि लॉगबुकातील, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीतील, सह्यांचे काम वाढले.

ही पद्धत रुजण्याआधीच करोना आला. 2020 च्या प्रवेशाचे वर्ग फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू झाले आणि जे हाताने शिकायचे ते अनेकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. 2023 च्या नियमांनी पहिले वर्ष पुन्हा बारा महिन्यांचे केले, शिवाय ते उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधींची मर्यादा कायम ठेवली. त्याच वर्षी दोन पत्रिकांच्या विषयांसाठी उत्तीर्णतेची मर्यादा 40 टक्क्यांवर आणली गेली आणि काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेतला गेला. परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांवर अशी धरसोड लादणे अन्यायाचेच होते.

दरम्यान धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथेही शासकीय महाविद्यालये सुरू झाली. जिल्ह्यातल्या मुलांसाठी ती हवीच होती. तिथे आता शिक्षकांची पदे भरणे आणि देहदानाची नोंदणी गावपातळीपर्यंत नेणे ही कामे प्रवेशाच्या जागा वाढवण्याआधी व्हायला हवीत, कारण 1997 मध्ये आटलेला वेळ परत मिळण्याची चिन्हे नाहीत आणि आहे त्या वेळात टेबलाभोवतीची गर्दी कमी करणे तेवढे हातात आहे.