बंदुकीच्याही आधीचा कुत्रा : रिट्रीव्हर पिल्लांच्या शिक्षणामागचा इतिहास आणि कोकण

अलिबाग-मुरूडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर आता नुसत्या बंगल्यांतच नाही, वाडीतल्या घरांतही दिसतात. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं झालं की घरातलं पोर त्याला चेंडू टाकतं. पिल्लू धावतं, चेंडू उचलतं आणि बहुतेक वेळा तो घेऊन माडांच्या आळ्यांतून पसार होतं. मग त्याला परत आणायला कसं शिकवायचं, हा प्रश्न उभा राहतो. रिट्रीव्हर म्हणजे मारलेला पक्षी आणून देणारा शिकारी कुत्रा, त्यामुळे त्यावर मिळणारे सल्ले पुष्कळसे परदेशी शिकाऱ्यांचे असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो खेळवा, दुसरा म्हणतो सक्ती करा, तिसरा म्हणतो वर्षभर थांबा. हे सल्ले वेगवेगळ्या काळांतून आणि वेगवेगळ्या गरजांतून आले आहेत. कोणता कशासाठी होता, हे कळल्याशिवाय ते पिल्लावर वापरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बंदुकीपासून होत नाही, मासेमारीपासून होते. न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर कॉड मासे धरणाऱ्या लोकांकडे लहानखुरा, आखूड दाट केसांचा एक काळा पाणकुत्रा होता. सेंट जॉन्स हे तिथलं मुख्य बंदर, त्यावरून त्याला सेंट जॉन्स वॉटर डॉग म्हणत. गळातून निसटलेला मासा धरायचा, जाळ्याचं किंवा दोराचं टोक तोंडात धरून पोहत पोचवायचं, हे त्याचं काम. रापण ओढणाऱ्या आपल्या लोकांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. बर्फगार पाण्यात पुन्हा पुन्हा उतरणारा आणि तोंडातली वस्तू न चावता माणसाच्या हातात देणारा कुत्राच तिथे उपयोगाचा होता. तसेच कुत्रे राखले गेले, त्यांचीच पिल्लं वाढली. 'आणून देण्याची' हौस लॅब्राडोरच्या रक्तात आली ती अशी.

मासळी घेऊन येणाऱ्या जहाजांवरून हे कुत्रे इंग्लंडमधल्या पूल बंदरात उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या माम्सबरीच्या अर्लनी ते विकत घेऊन दलदलीतल्या बदकांच्या शिकारीला लावले. पुढे 1880 च्या दशकात त्याच घराण्यातून नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे स्कॉटलंडच्या ड्यूक ऑफ बक्लू यांच्याकडे गेले, आणि आजच्या लॅब्राडोरांचा वंश बराचसा तिथून मोजला जातो. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने 1903 मध्ये या जातीला मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची कथा स्कॉटलंडमधली आहे. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री यांची जोडी लावली, आणि 1868 मध्ये झालेल्या त्यांच्या पिल्लांपासून ही जात घडत गेली. न्यूफाउंडलंडचा मूळ पाणकुत्रा मात्र टिकला नाही. विसाव्या शतकात तो संपला.

आता बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ठासायची तोवर एक बार काढून पुन्हा भरण्यात वेळ जाई. पक्ष्याचा माग काढून उभा राहणारा पॉइंटर किंवा बसून दाखवणारा सेटर शिकाऱ्याला पुरे होता, पडलेला पक्षीही तोच शोधून देई. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मागून काडतूस भरायची फ्रेंच बंदूक लोकांनी पाहिली आणि पुढच्या काही दशकांत शिकारीची रीतच बदलली. शिकारी एका जागी उभा, हाकारे पक्षी उठवून त्याच्या डोक्यावरून नेणार, बारामागून बार निघणार. पक्षी मागे, झुडपात, पाण्यात, कुठेही पडणार. अशा वेळी पहिला पक्षी पडताच धावत सुटणारा कुत्रा कामाचा नव्हता. तासभर शेजारी निमूट बसून राहायचं, कुठे काय पडलं ते ध्यानात ठेवायचं आणि हुकूम झाला की नेमकं तिथे जायचं, असा कुत्रा हवा झाला.

म्हणजे आणण्याची ओढ मच्छीमारांच्या कुत्र्यातून आली आणि बसून राहण्याची शिस्त नव्या बंदुकीने मागितली. पिल्लू शिकवताना मी या दोन गोष्टींची सर्वात जास्त आठवण ठेवायला सांगेन. ओढ उपजत असते, ती फक्त जपायची. शिस्त उपजत नसते, ती सावकाश शिकवावी लागते. तीन महिन्यांच्या पिल्लाला 'थांब, थांब' म्हणत अडवणारा माणूस नवी शिस्त आणण्याच्या घाईत जुनी ओढ मारून टाकतो.

सक्तीचा धडाही त्याच काळातला. एकोणिसाव्या शतकात कुत्र्याला शिकवणं म्हणजे त्याला 'मोडणं' असंच मानत. अमेरिकेत पुढे सक्तीच्या आणण्याची ठरीव पद्धत रुजली. कान चिमटायचा, पिल्लू कळवळून तोंड उघडतं, तेवढ्यात तोंडात लाकडी डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला वापरायची वस्तू, द्यायची आणि ती धरली की कान सोडायचा. दुखणं थांबवण्यासाठी कुत्रा वस्तू धरायला शिकतो. तिथे काही ठिकाणी हे आजही चालतं. ब्रिटनमधले बहुतेक शिक्षक रिट्रीव्हरसाठी याच्या वाटेला जात नाहीत, कारण ज्याच्या वंशात ही हौस दोन शतकं जोपासली गेली त्याला वेदनेची गरजच पडत नाही. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि जनावराला विनाकारण वेदना देणं त्यात गुन्हा आहे. कायदा नसता तरी घरातल्या पिल्लाचा कान पिरगाळायला काहीही कारण नाही.

कोकणात या कुत्र्यांचा इतिहास मोठा नाही, शिकारीचा मात्र आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं खाड्यांत आणि खाजणांत उतरतात, कापणी झालेल्या ओलसर खाचरांत पाणलावे बसतात, डोंगरउतारावर रानकोंबडे असतात. 1880 मध्ये जी. डब्ल्यू. व्हायडल या सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी पक्षी-अभ्यासक ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली. त्या काळी पक्ष्याची ओळख पटवायची तर तो मारून, कातडं भरून पाहण्याचीच रीत होती. जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारी रान मुरूडजवळ होतं. फणसाड अभयारण्य म्हणून 1986 मध्ये जाहीर झालं ते तेच. अशा शिकारींत पडलेला पक्षी आणायला बहुधा माणसंच उतरत, कुत्रा क्वचित. थंड देशातून आणलेल्या कुत्र्यांना इथला दमट उकाडा आणि गोचिडांचा ताप सोसत नसे. देशावरचे कारवानी-मुधोळ कुत्रे डोळ्याने सावज हेरून पळून धरणारे, त्यांना पाण्यातून पक्षी उचलून आणण्यात रस नाही.

पुढे कायदे आले. रानपक्ष्यांच्या रक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा 1887 चा, मग 1912 चा, मग मुंबई राज्याचा 1951 चा. यांत बंदी कमी आणि हंगाम, परवाने जास्त होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सुरुवातीला लहान शिकारीच्या परवान्यांना जागा ठेवली होती. ती वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. बदक असो, पाणलावा असो की लावा, आज रानातला पक्षी मारणं, पकडणं, फासात अडकवणं हा गुन्हा आहे. शिकाऱ्यांच्या चित्रफिती पाहून कुणी 'खऱ्या पक्ष्यावर सराव' करायला निघालं, तर त्याला इथेच थांबवायला हवं.

याच किनाऱ्यावर बंदुकीकडून निरीक्षणाकडे जाणारी वाटही दिसते. सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत. त्यातलीच एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं आयुष्य बदललं. नोकरी गेल्यावर ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि 1930 मध्ये तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. एकच नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांना देतो, हे त्यांनी नुसतं बसून, पाहून मांडलं.

बंदूक गेल्यावर कुत्र्याचं काय झालं? आणण्याची ओढ दुसऱ्या कामांना लागली. 12 मार्च 1993 च्या मुंबई स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीच्या बाजूला उतरलं होतं. स्फोटांनंतर दडवलेली स्फोटकं आणि शस्त्रं शोधण्यात मुंबई पोलिसांचा जंजीर हा लॅब्राडोर पुढे होता. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. वासाच्या कामाला लॅब्राडोर निवडतात ते नुसत्या नाकासाठी नाही. चेंडूसाठी तो न कंटाळता पुन्हा पुन्हा शोधत राहतो, आणि तो चेंडूच त्याचं बक्षीस होतो.

सुरुवात कोणत्या वयात करायची, हे ठरायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. जुने शिक्षक कुत्रा वर्षाचा होईपर्यंत थांबत, कारण त्यांच्या शिक्षणातला मार त्याआधी सोसला नसता. अमेरिकेत बार हार्बरला स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि तो 1965 मध्ये प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाशी जोडलं जातं, हे त्यातून पुढे आलं. म्हणून आज घरी आल्या आल्या खेळातून सुरुवात करतात.

ती सुरुवात अशी. घरातला चिंचोळा बोळ किंवा पडवी निवडायची, म्हणजे पिल्लाला परतायला वाट एकच राहते. मोज्याची गुंडाळी हातभर अंतरावर सरकवायची. ते उचलून वळलं की आपण खाली बसून त्याला जवळ बोलवायचं आणि आलं की आधी त्याला कुरवाळायचं. वस्तू लगेच हिसकायची नाही. आल्या आल्या तोंडातलं ओढून घेतलं जातं हे कळलं की पिल्लू लांबूनच पळायला शिकतं, माडाच्या आळ्यात पसार होण्याचं मूळ बहुतेक इथे असतं. दोन-तीनदा झालं की थांबायचं, त्याला आणखी हवं असतानाच. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, हिरड्या दुखतात, तेव्हा हा खेळ जवळजवळ बंदच ठेवावा. बसून थांबणं, शिट्टी, हाताची खूण हे सगळं सहा महिन्यांनंतर, थोडं थोडं. डमी जुन्या जाड कापडाची करावी. सुंभाने करकचून बांधलेली गोणपाटाची गुंडाळी फुकटात तयार होते खरी, पण हिरड्या सोलवटते.

कोकणात पाण्याचं काम वेगळं शिकावं लागतं. पिल्लू प्रथम संथ, उथळ, गोड्या पाण्यात उतरवावं, तेही आपण सोबत उतरून. खाडीत ओहोटीची ओढ मोठ्या कुत्र्यालाही नेते आणि खडकावरची कालवं पंजे कापतात. महाडजवळची सावित्री आणि चिपळूणकडची वाशिष्ठी इथे मगरी आहेत, तिथे कुत्रा पाण्यात सोडूच नये. पुळणीवर काहीही उचलण्याची सवय लागलेला रिट्रीव्हर जाळ्याचा तुकडा, गळ, कधी मेलेला केंड (फुगणारा विषारी) मासाही तोंडात धरतो, आणि केंडाचं विष जिवावर बेततं. म्हणून 'सोड' हा शब्द 'आण'च्या आधी पक्का हवा. खेळताना पोटात गेलेलं खारं पाणीही कुत्र्याला आजारी पाडतं, त्यामुळे गोड्या पाण्याची बाटली जवळ ठेवावी. सराव सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावर करावा आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस पावसाळ्याआधी पूर्ण असावी.

साधारण ऑक्टोबर ते मार्च खाडीच्या चिखलावर तुतवार, चिखल्या, बदकं पोट भरत असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दर वेळी उठवणं म्हणजे त्याची साठवलेली ताकद जाळणं. तेव्हा सराव तिथे नको, गावाच्या मैदानात करावा. वेळास आणि आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर याच काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्रे ती उकरतात, तिथे पट्टा सोडू नये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने वेळासला ही घरटी राखली आहेत. आपला कुत्रा कितीही शहाणा असला, तरी सकाळी फिरायला जाण्याआधी पुळणीचा कोणता भाग घरट्यांसाठी राखलेला आहे, हे तिथल्या कासवमित्रांना विचारून घ्यावं.