दहा ग्रॅमचा धागा

मधुमेहाच्या तपासणीला गेलेला माणूस साखरेचा रिपोर्ट दाखवतो, रक्तदाब मोजून घेतो, गोळ्या लिहून घेतो आणि निघतो. बूट-मोजे बहुतेक वेळा पायातच राहतात. मला खटकतं ते हेच. पायाची पहिली तपासणी काही मिनिटांत होते आणि तिला लागतो नायलॉनचा एक जाडसर धागा.

या धाग्याला मोनोफिलामेंट म्हणतात. त्वचेवर सरळ उभा टेकवून दाबला की साधारण १० ग्रॅम भार पडताच तो वाकतो. त्यापुढे जोर लावला तरी भार फारसा वाढत नाही, त्यामुळे तपासणारा कोणीही असो, दाब जवळपास तेवढाच पडतो. आधी रुग्णाच्या हाताला धागा लावून स्पर्श ओळखीचा करून देतात. मग डोळे मिटायचे. अंगठ्याचा तळ, चवड्यावर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, अशा ठिकाणी धागा क्षणभर टेकवून विचारतात, ‘कळलं का? कुठे?’ मध्येच धागा न लावताही विचारतात, कारण माणूस अंदाजाने ‘हो’ म्हणून जातो. एका जागी तीनपैकी दोन उत्तरं चुकली, की त्या पायाला जखमेचा धोका आहे असं समजायचं.

मधुमेहाच्या पायाबद्दलचं हे शहाणपण बरंचसं कुष्ठरोगातून आलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत. रोगामुळे हातपाय आपोआप झडतात, ही समजूत त्यांनी खोडून काढली. वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो आणि जखम होते, हे त्यांनी दाखवलं. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हाच विचार मधुमेहींच्या पायांना लागू झाला. १० ग्रॅमची मर्यादाही कारव्हिलच्या संशोधकांनीच १९८६ मध्ये मांडली.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांब नसा आधी खराब होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. कुणाला मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात. कुणाला काहीच जाणवत नाही, आणि मला जास्त काळजी या दुसऱ्यांची वाटते. घामही कमी होतो, कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. बधिर पायाला मे महिन्यात देवळाच्या फरशीचा चटका कळत नाही, शेकायला घेतलेलं पाणी किती कढत आहे ते समजत नाही. झोपेत उंदीर कुरतडून गेल्याचं सकाळी रक्त पाहून कळल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

घट्ट्याकडे दुर्लक्ष नको. त्याच्याखाली दाब वाढतो आणि वरून कातडी शाबूत दिसत असताना आत रक्त साकळू शकतं. तो घरी ब्लेडने कापू नये, जाणकाराकडूनच काढून घ्यावा.

दुसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या अंगाला नाडी लागते का, ते बोटांनी पाहतात. शंका आली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमन्या अरुंद झाल्या असाव्यात. मात्र मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होऊन आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

घरच्यांनाही एक चाचणी करता येते. ती इंग्लंडमधल्या इप्सविचची. डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवायची. दाबायचं नाही, टिचकीही मारायची नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांना पाय दाखवावेत. संवेदना आणि रक्तपुरवठा ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. आधी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी.

बधिर पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर पाय मुरगळला असेल म्हणून लेप लावून चालत राहू नये. हाडं आणि सांधे ढासळत असण्याची, म्हणजे शार्को पायाची, ती सुरुवात असू शकते. तेव्हा दुखणं अगदी थोडं असू शकतं, पहिला एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. त्या पायावर भार देणं लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.