पुढची चाकं फिरतात, मागची उभी असतात

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेतली. ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचवणारी. पार्ल्यात आमच्या सोसायटीच्या आवारात गाडी येऊन उभी राहिली, त्याच संध्याकाळी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक इशारा फिरत आला: ‘अशा गाडीची पीयूसी करू नका, गिअरबॉक्स जातो.’ त्याच्या पीयूसीची मुदत आठ दिवसांत संपत होती. तो वर आला आणि म्हणाला, "मावशी, खरं आहे का गं हे?"

आपल्याकडच्या पीयूसीपुरता तो इशारा साफ खोटा आहे. पण त्याचं मूळ मात्र खरं आहे, आणि ते गाडीच्या पोटातल्या एका विलक्षण सुंदर यंत्रणेत आहे. मी मेकॅनिकल शिकले तेव्हापासून ती मला आवडते. हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहिते आहे.

आधी पीयूसी. पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते, सायलेन्सरच्या तोंडात एक नळी खुपसतात, आत इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजले जातात. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकांचे टप्पे) पेट्रोल गाड्यांना इंजिन संथ चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २००) आत लागतो. दुसरं मापन इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० च्या आसपास नेऊन करायचं असतं. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. पेट्रोल पूर्ण जळायला जितकी हवा लागते त्या मानाने प्रत्यक्षात किती मिळाली, ते प्रमाण म्हणजे लॅम्डा. या सगळ्यात गाडी न्यूट्रलमध्ये असते, एकही चाक फिरत नाही. चाकच फिरत नसेल तर चार चाकांची यंत्रणा बिघडणार कशी? काळजी घ्यायचीच तर एवढीच, की गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करूनच व्हॅनपाशी न्यावी. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो. थंड असताना निर्दोष गाडीही नापास होऊ शकते.

मग इशाऱ्याचं मूळ कुठे? परदेशात काही ठिकाणी धूर मोजताना गाडीची चाकं रोलरवर फिरवतात, तिथे. रोलर कशासाठी? नायट्रोजन ऑक्साइडसाठी. हवेतला नायट्रोजन एरवी निष्क्रिय असतो. इंजिनात तापमान फार चढलं तरच तो ऑक्सिजनशी जुळतो, आणि ते चढतं इंजिनावर भार पडल्यावर. उभ्या गाडीच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड जेमतेम दिसतो. म्हणून कॅलिफोर्नियात पुढची किंवा मागची चाकं रोलरवर ठेवून, रोलरला विरोध देऊन, ताशी १५ आणि २५ मैलांना, म्हणजे सुमारे २४ आणि ४० किलोमीटरला, धूर मोजण्याची पद्धत आली. पण एकाच अ‍ॅक्सलखाली (समोरासमोरची दोन चाकं जोडणाऱ्या आसाखाली) रोलर असलेल्या केंद्रात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची दोन चाकं फिरणार आणि दोन जमिनीवर उभी राहणार. म्हणून तिथेही अशा गाड्यांना रोलरवर न चढवता आपल्यासारखीच उभ्याची चाचणी देत आले. ऐपतदार आणि दमदार गाड्या त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडच्या मापनातून सुटत राहिल्या, हे मला खटकतं. पण कारण यांत्रिक होतं, आणि ते पक्कं होतं.

आता ते कारण.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान. अ‍ॅक्सलमधलं अंतर २.६ मीटर असलेली गाडी अगदी तंग वळण घेते आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येवरून जातो आहे असं धरा. पायथागोरस लावला तर पुढचा मध्य ६.५ मीटरवरून जातो. म्हणजे पुढच्या चाकांना सुमारे ९ टक्के जास्त फिरावं लागतं. पुढचं आणि मागचं टोक एकाच दांड्याने घट्ट जोडलं तर कोरड्या रस्त्यावर टायर घासतील, गिअर पिळवटतील. म्हणून मधे काहीतरी लागतं, जे जोर दोन्हीकडे देईल आणि फरकही पोटात घेईल.

हे ‘काहीतरी’ वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळं असतं. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो आली, तिच्यात मधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही टोकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, होतं. पुढे ऑडीने टॉर्सन नावाचं वेगळ्या धाटणीचं डिफरन्शियल वापरलं. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये इलेक्ट्रॉनिक हुकमावर दाबली जाणारी क्लच होती. माझी आवड मात्र व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दाट तेलातून जोर पोचवणारी जोडणी. लॅम्बोर्गिनी डायब्लो व्हीटीत ती होती, नावातला ‘व्ही’ तिचाच. सुबारूच्या मॅन्युअल इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये ती मधल्या डिफरन्शियलच्या जोडीला असे.

पोळीच्या डब्यापेक्षा लहान असा एक बंद लोखंडी डबा डोळ्यांपुढे आणा. आत पोलादाच्या पातळ, भोकं पाडलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक आतल्या दांड्याला अडकवलेली, पुढची बाहेरच्या डब्याला, मग पुन्हा आतली. चकत्या एकमेकींना टेकत नाहीत. मधल्या फटीत सिलिकोन तेल असतं, मधाहून कितीतरी दाट. डबा काठोकाठ भरत नाहीत, थोडी हवा मुद्दाम ठेवतात. दांडा आणि डबा एकाच वेगाने फिरत असतील तर तेल निवांत असतं. एक पुढे पळाला की चकत्या तेलाला फाडत जातात आणि तेल त्यांना मागे ओढतं. त्या ओढीतूनच जोर दुसऱ्या टोकाच्या चाकांकडे जातो. ना गिअर, ना कॉम्प्युटर. आजीने घोटलेला पाक जसा डावाला धरून ठेवतो, तसं.

खरी गंमत गरम झाल्यावर आहे. तेल तापलं की पातळ होतं, म्हणजे पकड ढिली पडायला हवी. सुरुवातीला तसंच होतं. पण तेल तापून फुगतंही. फुगता फुगता ते आतली हवा दाबत नेतं, आणि एका क्षणी हवेला जागाच उरत नाही. द्रव दाबला जात नाही, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामुळे आतला दाब एकदम उसळतो आणि चकत्या एकमेकींवर ढकलल्या जातात. आता पोलादावर पोलाद घासू लागतं. पकड ढिली होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढते आणि डबा जवळपास लॉक होतो. आलेखात तिथे अचानक टेकडी उभी राहते, म्हणून इंजिनिअर याला ‘हम्प’ म्हणतात. चिखलात एक टोक फसून गरागरा फिरत असेल तर हा हम्प गाडी बाहेर काढतो. लॉक झाल्यावर वेगाचा फरक उरत नाही, घर्षण थांबतं, तेल निवतं, पकड पुन्हा सुटते. स्वतःच तापून स्वतःला वाचवणारी ही रचना मला दरवेळी थक्क करते.

हीच गाडी एका अ‍ॅक्सलच्या रोलरवर चढवली तर काय होईल, ते आकड्यांत बघू. चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २ मीटर. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला ३३२ वेळा फिरतं. अ‍ॅक्सलमधलं गिअरचं प्रमाण ४ धरलं, तर मधला दांडा सुमारे १३३० फेरे घेतो. मागची चाकं जमिनीवर उभी, त्यांचे फेरे शून्य. सगळा फरक १३३० चा. मघाच्या तंग वळणावर, ताशी १० किलोमीटरला, हा फरक जेमतेम ३० फेऱ्यांचा होता. चाळीसपटीहून जास्त! समजा या फरकाला कपलिंग १०० न्यूटन-मीटर ओढ देते. ओढ गुणिले कोनीय वेग (मिनिटाला १३३० फेरे म्हणजे सेकंदाला १३९ रेडियन), म्हणजे १०० गुणिले १३९, सुमारे १४ किलोवॉट उष्णता. बाथरूममधले २ किलोवॉटचे सात गीझर त्या छोट्या डब्यात एकदम चालू केल्यासारखं. काही क्षणांत हम्प.

हँडब्रेक ओढून किंवा अडण लावून मागची चाकं पक्की धरली असतील, तर तेल करपतं, सील जातात. धरली नसतील तर गाडी पुढे झेप घेते. हम्पच्या आधीच मागची चाकं सव्वाशे किलोच्या वजनाइतक्या जोराने ढकलत असतात, हम्प आला की तोच जोर अनेकपट होतो. समोर माणूस उभा असला तर काय होईल ते सांगायला नको.

नुसतं साधं डिफरन्शियल असलं तरी सुटका नाही. त्याच्या आतले छोटे गिअर साध्या पिनेवर फिरतात, बेअरिंग नसतं, कारण त्यांनी क्वचित आणि हळू फिरावं अशीच अपेक्षा असते. काही गाड्यांत मधे हाल्डेक्स नावाची, तेलाच्या दाबाने आवळली जाणारी क्लच असते; तिच्या पहिल्या पिढीत तेलाचा पंपच पुढच्या-मागच्या वेगातल्या फरकावर चालायचा. रोलरवर जितका फरक जास्त, तितकी क्लच घट्ट व्हायला बघणार.

नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सही गोंधळतं. दोन चाकं पळताहेत, दोन थांबलेली, म्हणजे गाडी घसरते आहे असं समजून ते ब्रेक लावतं. म्हणून कंपन्या रोलरसाठी वेगळा ‘डायनो मोड’ देतात, आणि तो रास्त आहे. २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात मात्र गाडी चाचणीवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर होतं. पकडलं गेलं ते गाडीवर यंत्र बसवून रस्त्यावर मोजल्यामुळे. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलना मान्यता देताना रस्त्यावरचं मापन आलं आहे. चारही चाकं फिरत असताना, खऱ्या भाराखाली, गिअरबॉक्सला धक्का न लावता. मला हा मार्ग सर्वांत पटतो.

भाच्याच्या गाडीच्या बंपरखाली आधीच्या मालकाने लिंबू-मिरची बांधली होती आणि पेट्रोलच्या नळीला ‘धूर निम्मा करणारं’ लोहचुंबक. दोन्ही मी काढायला लावली. पेट्रोलच्या रेणूंवर असल्या चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, ज्वलन बदलावं असं तिथे काहीच घडत नाही. लिंबू-मिरची स्वस्तात मिळते, चुंबकाला लोक हजारो मोजतात, आणि बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर तसाच राहतो. शहराच्या हवेचं त्यात खरं नुकसान आहे.

मग मुंबईत अशा गाडीला धोका कुठे? टोइंगमध्ये. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेली की रोलरचंच गणित उलटं होतं, आणि तेही मिनिटभर नव्हे, दादरपासून वरळीपर्यंत. पावसाळ्यात गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवावा. गॅरेजमध्ये ताकद मोजायची तर चारही चाकांचे, एकमेकांशी जुळवलेले रोलर आहेत ना हे आधी विचारावं. ब्रेक तपासायचे रोलर फार हळू फिरतात, पण तिथेही आधी सांगावं. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे ब्रेक रस्त्यावर चालवून, मंदन मोजून तपासता येतात.

आणि टायर. दोनच नवे टायर घातले, जुन्यांची नक्षी ३ मिलिमीटर झिजलेली असली, तर परिघात जवळजवळ २ सेंटिमीटरचा, म्हणजे एक टक्क्याचा फरक पडतो. ताशी ८० ला मधल्या दांड्यात मिनिटाला २५ फेऱ्यांचा फरक, पुण्यापर्यंत अखंड.

पीयूसी पाच मिनिटांत झाली, कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के. मग भाच्याने माझी शिवणाची टेप घेतली आणि आवारात गुडघे टेकून चारही टायर मोजले. पुढचे दोन २०१ सेंटिमीटर भरले, मागचे १९९.