पानाशी इमान की पात्राशी?

पर्वरीच्या मल्टिप्लेक्समधून सुपरहिरोचा सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्या पोरांचा वाद ऐका. तो हमखास एका वाक्यावर येऊन अडतो: "कॉमिकात असं नाहीच मुळी!" या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. पानावर होतं ते पडद्यावर आलं नाही, ही एक. तो माणूसच तो राहिला नाही, ही दुसरी. पहिलीवर चाहते आरडाओरडा करतात आणि विसरतात. दुसरी दहा वर्षांनीही उकरून काढतात.

पेडण्याकडच्या माणसाला हा फरक फोड करून सांगायला नको. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलणं रचतात. तेच आख्यान यंदा एका तऱ्हेने, पुढच्या जत्रेत दुसऱ्याच. कोणी हरकत घेत नाही. पण भीम गदा टाकून गयावया करू लागला, तर पहिल्या रांगेतली आजी चटई गुंडाळून घरी जाईल.

२००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये जाळं पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅन झालेल्या पोराच्या, मनगटातूनच निघतं. कॉमिकात तो ते यंत्र स्वतः बनवतो, म्हणजे त्याची हुशारीच कापली, असं म्हणत जुने वाचक खवळले होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या चोराला पीटरने जाऊ दिलं त्याच्याचमुळे काका गेला, ही बोच दिग्दर्शक सॅम रायमीने जशीच्या तशी ठेवली. सिनेमा तुफान चालला. 'एक्स-मेन'मधल्या वुल्व्हरिनचंही तेच. कॉमिकातला जेमतेम सव्वापाच फुटांचा, पडद्यावर तो झालेला ह्यू जॅकमन चांगला सहा फुटांच्या वर. २००० च्या 'एक्स-मेन'मध्ये तर पिवळा पोशाखही गेला, काळं चामडं आलं. तुसडा, घायाळ स्वभाव तेवढा राहिला आणि तो पुरला.

उलट बाजूचा नमुना २००९ चा. वुल्व्हरिनच्या पूर्वकथेच्या सिनेमात डेडपूल हे दुसरं कॉमिक-पात्र आणलं आणि शेवटी त्याचं तोंड शिवून टाकलं. अखंड बडबड हीच ज्याची ओळख, त्याचं! नट तोच, रायन रेनल्ड्स. २०१६ मध्ये त्यालाच बोलू दिलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं.

खरी गंमत सुपरमॅनच्या बाबतीत आहे, कारण तिथे पानच पुराव्याला उभं राहतं. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तो आपला शत्रू झॉडची मान मोडतो. चाहते भडकले, तर बचाव करणाऱ्यांनी १९८८ चा अंक पुढे केला: कॉमिकातही त्याने झॉडला मारलंय की! मारलंय, कबूल. पण त्या कॉमिकात ती हत्या त्याला झोपू देत नाही. मन थाऱ्यावर राहत नाही, तो पृथ्वी सोडून अवकाशात भटकत राहतो. सिनेमात एक किंकाळी, आणि थोड्याच वेळात थट्टामस्करी. घटना घेतली, घटनेचा भार घेतला नाही. पान दाखवून जिंकता येत नाही असा हा वाद, आणि मला तरी चिडलेल्यांचंच म्हणणं पटतं.

'वॉचमेन' (२००९) त्याहून अवघड. शेवट बदलला असला तरी चौकटीच्या चौकटी कॉमिकावरून उचललेल्या. पण मूळ कथेतले नायक थकलेले, पोट सुटलेले, काहीसे केविलवाणे. पडद्यावर त्यांच्या मारामाऱ्या संथ गतीत, नटूनथटून. चाहते अजून दोन गटांत आहेत.

म्हणून पानाशी इमान फुकट, असं मात्र नाही. २०२४ मध्ये जॅकमनने अखेर पिवळा पोशाख चढवला तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्याच. फक्त वुल्व्हरिनचाच २०१७ चा सिनेमा 'लोगन' तो पोशाख न घालताच, मूळ कॉमिकाची कथा बरीचशी बाजूला ठेवून, चाहत्यांच्या मनात आधीच घर करून बसला होता.